धुके किती ठेवावे?



वैशाखात धुक्यावर बोलणाऱ्याची एक मोठी सोय असते. विषय पुरता उलगडला नाही तरी श्रोत्यांना तासभर थोडे गार वाटते आणि तेवढ्या पुण्याईवर व्याख्यान पार पडते. पण आम्हांला त्या सोयीच्या आड लपावयाचे नाही. आजचा विषय लहान आणि हातातला आहे. धुक्यातल्या डोंगरदरीचे छायाचित्र आपण काढले आणि ते मनासारखे उतरले नाही, तर रंगांची निवड करून आणि चौकट कापून ते सुधारावे कसे? या सभागृहात असा माणूस विरळा, की ज्याने महाबळेश्वरला, माथेरानला किंवा नुसत्या जाता-येता घाटात धुके पाहून मोबाइल वर धरला नाही, आणि घरी येऊन चित्र पाहिल्यावर ‘छे! तिथे किती छान दिसत होते!’ असे म्हटले नाही. त्या ‘छे’विषयी आम्ही बोलणार आहोत.

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विचारले, ‘चित्रे पडद्यावर दाखविणार ना?’ आम्ही नको म्हणालो. एक तर चित्र समोर आले की माणूस ऐकावयाचे थांबतो. दुसरे असे की, ज्या एका छायाचित्राभोवती आमचे आजचे बोलणे फिरणार आहे, ते पडद्यावर मिरवावे इतके थोर नाही. मात्र त्याने आम्हांला चार गोष्टी शिकविल्या, आणि त्याही आमच्या हातून तीनदा बिघडल्यानंतर. आम्ही छायाचित्रणाचा धंदा करीत नाही. हौस आहे एवढेच. तेव्हा हा तज्ज्ञाचा उपदेश नसून एका हौशी माणसाच्या चुकांचा जमाखर्च आहे असे समजावे.

पाचगणीला सिडनी पॉइंट नावाची एक टेकडी आहे. तेथून कृष्णेचे खोरे दिसते. खाली धोमचा जलाशय, उजवीकडे धरणाची भिंत आणि त्यापलीकडे वाई, डावीकडे दूर कमळगड. जानेवारीतल्या एका पहाटे आम्ही तेथे उभे होतो. वारा पडलेला, आकाश निरभ्र. अशा रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे टाकून देते; तिला लागून असलेली हवा गार होते, गार म्हणून जड होते, आणि उताराने पाणी वाहावे तशी दरीत उतरते. तेथे तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब बनतात. त्या दिवशी दरी अशी काठोकाठ भरलेली होती. जलाशय कोठेच दिसत नव्हता. धरणाची भिंत जेथे डोंगराला टेकते तेवढे तिचे टोक वर होते. कमळगडाचा माथा वर होता. मधे सारे धुके.

आम्ही चित्र घेतले, घरी आलो आणि पाहतो तो काय? सगळी दरी पाटीसारखी करडी. वर अर्धी चौकट रिकामे आकाश, खाली कोपऱ्यात कठड्याचा लोखंडी गज, मधून गेलेली विजेची एक तार. तोंडातून जो उद्गार निघाला तो वर सांगितलाच आहे.

एरवी आम्ही ते तसेच ठेवून दिले असते. पण ते एका माणसाला द्यावयाचे होते. आमच्या आत्याचे सासर त्याच दरीतले. १९७० च्या दशकात धोमला धरण उभे राहू लागले आणि पुढे तिचे घर, विहीर, देवळापुढची वाट, सगळे पाण्याखाली गेले. आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिच्या त्या गावाचे एकही छायाचित्र कोणाजवळ नाही. त्या काळी शेतकऱ्याच्या घरी कॅमेरा कोठून असणार? निदान त्या दरीचे एक चित्र तिच्या खोलीत लावावे, असे आमच्या मनात होते. म्हणून सुधारणे आले.

आता सुधारणेकडे वळण्यापूर्वी धुके म्हणजे काय ते थोडे पाहू. हवामानशास्त्रात, एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले की त्याला धुके म्हणतात. धुक्याचा थेंब सुमारे दहा ते वीस मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बराच लहान. पण प्रकाशाच्या लहरींशी ताडून पाहिला तर तो प्रचंड. कारण डोळ्यांना दिसणाऱ्या लहरी ०.४ ते ०.७ मायक्रॉन एवढ्याच लांबीच्या. असा मोठा थेंब तांबडा, हिरवा, निळा असा भेद न करता सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतो. म्हणून धुके पांढरे. उलट स्वच्छ हवेचे रेणू अतिसूक्ष्म. ते निळा रंग अधिक विखुरतात, म्हणून आकाश निळे आणि दूरचे डोंगरही निळसर. ही गोष्ट चित्रकारांनी आधीच हेरली होती. वस्तू जितकी दूर तितकी ती अधिक निळी रंगवावी, असे लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट उठावाची. १९२४ साली कोश्मीडर नावाच्या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने अंतराबरोबर वस्तूचा उठाव कसा घटतो त्याचा नियम मांडला. सोपे करून सांगावयाचे तर असे: एक किलोमीटरवरच्या डोंगराचा उठाव निम्मा झाला असेल, तर त्याच हवेत दोन किलोमीटरवरच्याचा पाव राहील आणि तीन किलोमीटरवरच्याचा दोन आणे. म्हणजे धुके आणि धूसर हवा वस्तू नुसत्या झाकत नाहीत. त्यांना अंतराप्रमाणे रांगेत उभ्या करतात. पुढची गडद, मागची फिकी, त्यामागची त्याहून फिकी. सपाट कागदावर खोली दाखविण्याचे याहून स्वस्त साधन नाही. ते तुम्ही पुसून टाकलेत तर हाती काय उरेल, याचा विचार आधी करावा. आम्ही तो केला नाही.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला धुके ठाऊक नसते. समोरचे जग सरासरीने मध्यम करडे आहे असा त्याचा हिशेब असतो. समोर पांढरे धुके पसरलेले पाहून तो समजतो, प्रकाश फार झाला, आणि चित्र काळवंडवितो. आमची दरी पाटीसारखी दिसली ती यामुळे. उपाय सोपा: मापक सांगेल त्यापेक्षा दुपटीच्या आसपास प्रकाश जाऊ द्यावा. मोबाइलवर पडद्याला बोट लावून ते वर सरकविले की बहुतेक यंत्रांत हे साधते. आम्ही ते तेथे केले नाही. घरी येऊन चित्र उजळावे लागले. असो.

आता आमची पहिली सुधारणा. चित्र धुक्यामुळे फिके दिसते ना? मग धुकेच काढून टाकू! संगणकावर आता ही सोय आहे. २००९ साली तिघा संशोधकांनी एक मोठी सुरेख युक्ती मांडली. स्वच्छ हवेत काढलेल्या बाहेरच्या चित्राचा आकाश सोडून कोणताही लहान तुकडा घ्या. तांबडा, हिरवा, निळा या तीन रंगांपैकी निदान एक तरी त्या तुकड्यात कोठेतरी जवळजवळ काळा असतो. धुके आले की तो काळा राहत नाही, उजळतो. जितका उजळला तितके तेथे धुके. मग तेवढे वजा करावयाचे. पुढे २०१५ साली ॲडोबी कंपनीने आपल्या छायाचित्र-प्रणालींत ‘डीहेझ’ नावाची पट्टी आणली. आता अशी पट्टी मोबाइलवरही मिळते. आम्ही ती पट्टी उजवीकडे ओढली. आणखी ओढली. पडदा सरकावा तसे धुके विरळ झाले, कमळगडाच्या कडा धारदार झाल्या, आणि जेथे धुके पातळ होते तेथे खालून पोलादासारखे पाणी वर आले. आम्हांला वाटले, वा! काय स्वच्छ चित्र झाले!

खरे म्हणजे ते तेव्हाच बिघडले होते. आकाशात आडवे पट्टे उमटले होते, आणि आरशावर धूळ दिसावी तसे काळे ठिपकेही. ठिपके कॅमेऱ्याच्या आतल्या धुळीचे; धुक्याच्या सपाट अंगावर ते नेहमीच उठून दिसतात. आणि पट्टे का? साध्या जेपेग चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. धुक्यातल्या डोंगराच्या वाट्याला त्यांतल्या कदाचित तीसच येतात. त्या तीस पायऱ्या ताणून पाच मजले चढावयाचे म्हटले, तर एकेक पायरी केवढी होईल! तीच डोळ्यांना पट्टा म्हणून दिसते. ज्यांच्या कॅमेऱ्यात कच्चे चित्र, म्हणजे ‘रॉ’, साठविण्याची सोय आहे त्यांनी धुक्यात ती अवश्य वापरावी. चौदा बिटांच्या अशा चित्रात १६,३८४ पायऱ्या असतात. थोडा ताण सहज सोसतो. आमच्याजवळ ती सोय होती आणि आम्ही ती वापरली नव्हती.

तरीही ते चित्र छापून आम्ही आत्याकडे गेलो. तिने चष्मा पुसला, कागद दोन्ही हातांनी धरला, खिडकीशी नेला आणि म्हणाली, ‘‘पानीच हाय की रं समदं. धुकं व्हतं म्हनलास न्हवं?’’ आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले की धुके होते, ते आम्ही काढले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘कशाला काढलंस? धुकं असलं म्हंजी खालचं पानी दिसत न्हाई. गाव हाय तितंच हाय असं वाटतं.’’

श्रोतेहो, आम्ही त्या दरीवर छायाचित्रकाराच्या नजरेने पुष्कळ वेळा पाहिले होते. पण त्या पहाटे आम्हांला जे आवडले ते नेमके काय, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आवडले होते ते झाकलेपण. आणि सुधारणेच्या नावाखाली आम्ही पहिला हात घातला तो त्यालाच. म्हणून पहिला धडा असा: चित्राला हात लावण्यापूर्वी, ते घेताना आपण कशासाठी थांबलो होतो, ते एका वाक्यात स्वतःला सांगावे. ते वाक्य जमत नसेल तर पट्ट्या सरकवू नयेत. चित्र आठ दिवस तसेच राहू द्यावे. धुके काढण्याची पट्टी वाईट नव्हे. ती थोडी उजवीकडे नेली तर पुढच्या झाडाला उठाव येतो. थोडी डावीकडे नेली तर विरळ धुके दाटही होते. पण सगळ्या चित्रावर तिचा नांगर फिरवू नये.

दुसऱ्या खेपेस आम्ही धुके ठेवले आणि रंगाकडे वळलो. कॅमेऱ्याला एक खोड असते. पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून तो पडलेल्या प्रकाशाचा रंग आपल्या मनाने धुऊन टाकतो. याला ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. घरात, लग्नात, दुकानात ही खोड उपकारक आहे. पहाटेच्या दरीत मात्र ती घात करते. जो निळेपणा पाहून आपण थांबलो तोच दोष समजून ती पुसून टाकते. आमचे चित्र रंगहीन झाले होते ते यामुळे. तेव्हा आम्ही ठरविले की चित्राला ऊब द्यावी. सारी दरी केशरी केली. चार मित्रांना दाखविली. चौघांनीही वाहवा केली. वाहवा लवकर मिळाली की सावध व्हावे, हे आम्हांला त्या वेळी सुचले नाही. आत्याने चित्र पाहिले मात्र आणि विचारले, ‘‘आग लागली का रं दरीला?’’

मग तिने जे सांगितले त्यात आमच्या रंगविचाराचे सार आले. ती म्हणाली, ‘‘थंडीत आमच्याकडं पहाट निळी. दारात हुबं ऱ्हायलं तर म्हशीबी निळ्या दिसायच्या. ऊन पयलं कमळगडाच्या डोईवर पडायचं. आमच्या अंगनात यायला लई येळ लागायचा.’’

आता हे पदार्थविज्ञानाशी ताडून पाहा. आपण वर म्हटले की धुक्याला स्वतःचा रंग नाही. मग ते रंग घेते कोठून? ज्या प्रकाशात असेल त्याच्याकडून. सूर्य डोंगराआड असतो तेव्हा दरीत जो उजेड येतो तो निळ्या आकाशाचा. म्हणून धुके निळे आणि म्हशीही निळ्या. त्याच क्षणी उंच माथ्यावर कोवळे ऊन पोचलेले असते. तो माथा उबदार. म्हणजे एकाच चित्रात दोन प्रकाश आणि दोन रंग. आम्ही एकच रंग सगळीकडे लिंपला, तो वस्तुस्थितीला धरून नव्हता आणि म्हणूनच खोटा वाटत होता. छायाचित्रकार प्रकाशाचा रंग केल्व्हिनच्या आकड्यांत मोजतात. भरदिवसाचे ऊन सुमारे ५५००, उघड्या आकाशाखालची सावली ७५०० वा त्याहून अधिक. यंत्राला ‘ऊन’ या खुणेवर बांधून ठेवले, की सावलीतला निळा निळाच राहतो आणि उन्हातला माथाही आपला रंग राखतो. आम्ही शेवटी तेवढेच केले. मग दरीतला निळा किंचित मंद केला, कारण छापील कागदावर तो डोळ्यांपेक्षा अधिक भडक दिसतो. आणि माथ्यावरची ऊब आहे तशी ठेवली. हिरवा रंग जवळजवळ उतरवून टाकला. धुक्यातल्या झाडांचा हिरवा फार बोलका ठेवला की ती झाडे अंतर सोडून पुढे धावत येतात.

येथे कोणी विचारील, की छायाचित्रात आपल्या हाताने रंग ठरविणे हे प्रामाणिक आहे काय? प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. रंगीत छायाचित्राच्या काचा बाजारात येण्याच्या आधी, १९०४ साली, अमेरिकेत एडवर्ड स्टायकेन याने चांदण्यातल्या एका तळ्याचे चित्र घेतले. त्याची छपाई करताना त्याने प्रकाशाने घट्ट होणाऱ्या डिंकाचे थर हाताने चढवून निळसर हिरवी छटा आणली. २००६ साली त्या चित्राची एक प्रत लिलावात एकोणतीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. किंमत हे गुणाचे माप नव्हे. पण त्या तळ्याकडे पाहून ‘चांदणे असेच असते’ असे मनात येते ही गोष्ट खरी. रंग हाताने आला की यंत्राने, हा प्रश्न दुय्यम. त्या प्रकाशात उभा राहिलेला माणूस ते चित्र ओळखील काय, हा पहिला प्रश्न. आमच्या केशरी दरीला चार मित्रांनी मान डोलावली. त्यांतला एकही त्या दरीत राहिलेला नव्हता. जी राहिली होती तिने ओळखली नाही.

तिसरी सुधारणा चौकटीची. काप मारणे, इंग्रजीत ज्याला क्रॉप म्हणतात, त्याविषयी दोन टोकांची मते आहेत. एक म्हणतो, घेतले तसेच चित्र ठेवावे. दुसरा म्हणतो, कात्री हेच खरे साधन. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार पहिल्या मताचा कट्टर पुरस्कर्ता. परंतु १९३२ साली पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्याचे जे जगप्रसिद्ध चित्र आहे ते कापलेले आहे. तो कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून पाहत होता आणि एक फळी आत आली होती. उलट आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या हिमवादळात तीन तास उभे राहून घोडागाडीचे चित्र घेतले आणि छापताना काचेचा पुष्कळ भाग टाकून दिला. हातकॅमेऱ्याच्या काचेतला थोडाच भाग आपण छापतो, असे तो उघड सांगे. तेव्हा कापावे की न कापावे यावर भांडण नको. काय कापावे यावर मात्र विचार हवा.

धुक्याचे थर आडवे असतात, म्हणून दरीतल्या धुक्याला बहुधा आडवी लांब पट्टी शोभते. एकट्या झाडाला उभी किंवा चौरस चौकट बरी. आमचे चित्र ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० उंच होते. वरचे रिकामे आकाश आणि खालचा गज काढल्यावर उंची २४०० राहिली. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर वीस इंच रुंद आणि आठ इंच उंच असे चित्र झाले. भिंतीवर लावण्यास पुरेसे. हा हिशेब कापण्याआधी करावा. कापत कापत टपालाच्या तिकिटाएवढे चित्र हाती आलेले आम्ही पाहिले आहे.

येथवर ठीक होते. पण आम्ही आणखी एक शहाणपण केले. उजवीकडचा पाचवा हिस्सा कापून धरणाच्या भिंतीचे टोक काढून टाकले. कारणे दोन. ते काळे टोक आम्हांला त्या मऊ चित्रात खुपत होते. आणि आत्याला धरण दिसू नये असे वाटत होते. धुक्याने पाणी झाकलेच आहे, भिंत आपण झाकू, म्हणजे तिला तिची जुनी दरी मिळेल, असा तो बेत.

आत्याने तिसरे चित्र पाहिले. निळी दरी पाहून तिची मुद्रा खुलली. मग ती चित्रावरून बोट फिरवू लागली, पुन्हा फिरविले, आणि म्हणाली, ‘‘भिंत कुठं गेली?’’ आम्ही म्हटले, ‘‘मुद्दाम काढली, आत्या. तुला पाहवणार नाही म्हणून.’’ ती हसली. ‘‘अरं खुळ्या, भिंतीचं टोक दिसलं तरच मला गाव सापडंल न्हवं? त्या टोकापासनं आत आलं की आमचा मळा. आता कुठनं मोजू?’’

बंधुभगिनींनो, कापण्याविषयी यापेक्षा मोठा धडा आम्हांला कोणत्याही पुस्तकाने दिलेला नाही. चित्रात जी वस्तू आपल्याला खुपते, तीच कधी कधी पाहणाऱ्याची खूण असते. धुक्यासारख्या अधांतरी चित्रात तर अशा खुणेवाचून नजर टेकतच नाही. आम्ही तो पाचवा हिस्सा परत जोडला आणि पाहतो तो चित्रही सुधारले होते. डावीकडे वर उन्हातला कमळगड, उजवीकडे खाली काळे टोक, आणि या दोहोंमध्ये पसरलेले रिकामे धुके. दोन खांब असल्याशिवाय दोरी ताणली जात नाही, तसे. चारशे वर्षांपूर्वीच्या हासेगावा तोहाकु या जपानी चित्रकाराचे पाइन वृक्षांचे दोन पडदे टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांवर शाईच्या फटकाऱ्यांची थोडी झाडे आहेत आणि बाकी बराच कागद कोरा. तो कोरा कागद धुके वाटतो तो त्या थोड्या झाडांच्या बळावर. झाडे काढा, म्हणजे कोरा कागद हा नुसता कोरा कागद.

राहता राहिली विजेची तार. ती काप मारून जात नव्हती, मधूनच गेलेली. पुसण्याचे साधन संगणकावर होते, आणि आता ते इतके हुशार झाले आहे की तारेच्या जागी धुके स्वतःच रचून देते. आम्ही बराच वेळ विचार केला. बातमीच्या छायाचित्रांचा नियम येथे उपयोगी पडतो. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या स्पर्धेत कापलेले चित्र चालते, पण चौकटीच्या आतली वस्तू पुसलेली किंवा नवी घातलेली चालत नाही. आमचे चित्र बातमी नव्हते. घरच्या भिंतीवर लावावयाचे होते. पुसली असती तर कोणी फासावर चढविले नसते. पण आम्हांला असे वाटले, की कापणे म्हणजे ‘आम्ही एवढेच पाहिले’ असे म्हणणे. आणि पुसणे म्हणजे ‘तेथे नव्हतेच’ असे म्हणणे. ज्या दरीतून एकदा एक गाव नाहीसे झाले, तेथून आणखी काही नाहीसे करण्यास आमचा हात धजला नाही. तार राहिली. मात्र कॅमेऱ्याच्या आतल्या धुळीचे ठिपके आम्ही पुसले, कारण ते त्या दरीत नव्हतेच.

आता ज्यांना उद्याच हे करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात क्रम सांगतो. धुक्यात चित्र घेताना प्रकाश थोडा अधिक जाऊ द्यावा. एखादी गडद वस्तू, झाड, देवळाचा कळस, माणूस, चौकटीत असू द्यावी. घरी आल्यावर आधी उजळपणा पाहावा, मग प्रकाशाचा रंग. चित्राला ‘ऊन’ या खुणेवर आणून सुरुवात करावी आणि त्या वेळी तेथे काय दिसले होते ते आठवावे. रंग वाढविण्याआधी कोणता उतरविता येईल ते पाहावे. धुक्याची पट्टी शेवटी आणि जपून. कापण्यासाठी जुनी युक्ती अजून उत्तम आहे: लग्नाच्या जुन्या पत्रिकेचे दोन काटकोनी तुकडे कापावेत, छापलेल्या चित्रावर ठेवून पुढेमागे सरकवावेत. संगणकावर कापण्यापेक्षा हाताने सरकविताना माणूस अधिक विचार करतो. मूळ चित्र कधीही पुसू नये. आमचा पाचवा हिस्सा परत मिळाला तो मूळ ठेवले होते म्हणून. आणि चौथी गोष्ट, जी आम्हांला सर्वांत उशिरा सुचली: चित्र वाहवा करणाऱ्याला दाखविण्याआधी, ती जागा ज्याला ठाऊक आहे त्याला दाखवावे.

ते चित्र आता आत्याच्या खोलीत आहे. कोणी भेटावयास आले की ती उठून भिंतीशी जाते, धरणाच्या टोकावर बोट ठेवते, तेथून ते डावीकडे नेते आणि मधल्या पांढऱ्या धुक्यावर थांबवून सांगते, इथं विहीर, इथं देऊळ, ह्यो आमचा वाडा. पाहुणा पाहतो, तेथे काहीच नसते. काचेवर त्या जागी तिच्या बोटाचा डाग पडला आहे. गेल्या खेपेस आम्ही काच पुसावयास फडके घेतले, तर ती म्हणाली, ‘‘राहू दे रं, सापडायला सोपं जातं.’’

आम्ही फडके खाली ठेवले.